न दिलेला होकार

“फोन कट करायला किती वेळ लागतो? दोन सेकंद! त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?” हे वाक्य मी घरात ऐकलं आहे, शेजारी ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. बोलणारे बहुतेक वेळा पुरुष असतात आणि त्यांचा फोन शर्टाच्या खिशात असतो. आमचा फोन कुठं असतो? फ्रिजवर, देव्हाऱ्याजवळच्या फळीवर, नाहीतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला की पिठाचे हात धुवायचे, पदराला पुसायचे, गॅस बारीक करायचा आणि धावायचं. सत्तरीच्या आज्जीला तर आधी गुडघ्यावर हात ठेवून उठायचं असतं. एवढं करून फोन कानाला लावला की पलीकडून गोड आवाज येतो, कधी हिंदीत, कधी कन्नडमध्ये. तुमचं कर्ज मंजूर झालंय, माहितीसाठी ‘ओंदन्नु ओत्ति’. एक दाबा.

दोन सेकंद लागतात ते फक्त कट करायला. उठण्याचे, धावण्याचे, तव्यावर करपलेल्या भाकरीचे सेकंद त्या हिशेबात कुणी धरतच नाही. बाईच्या वेळेचा हिशेब असा अर्धवट मांडायची आपल्याकडं जुनी सवय आहे.

दुसरा सल्ला त्याहून शहाणपणाचा. “अनोळखी नंबर उचलूच नका.” अहो, पण घर चालवणाऱ्या बाईला येणारे कामाचे फोन बहुतेक अनोळखी नंबरावरूनच येतात! सिलिंडर घेऊन आलेला पोऱ्या खालून फोन करतो. शाळेच्या रिक्षावाल्याची रिक्षा बंद पडली की तो दुसऱ्याच कुणाच्या मोबाईलवरून कळवतो. हेस्कॉमचा लाइनमन, नळदुरुस्तीवाला, ब्लाउज शिवणारी बाई, तपासणीचा रिपोर्ट तयार झाल्याचं सांगणारी लॅबमधली मुलगी, यांतले किती नंबर तुम्ही नावानिशी साठवलेत? घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर अनोळखी नंबर बघून काळजात धस्स होतं आणि हात आपोआप पुढं जातो. मुलगा पुण्यात, सून बेंगळूरला आणि आई-वडील दोघंच केश्वापुरात किंवा मालमड्डीत, अशी घरं आता आपल्यात गल्लोगल्ली आहेत. त्या आईला ‘अनोळखी नंबर उचलू नको’ म्हणणं म्हणजे ‘काळजी करणं सोडून दे’ म्हणणं आहे. ते तिला जमत नाही. आणि तिला ते जमत नाही, यावरच हा सगळा धंदा उभा आहे.

हा धंदा चालतो कसा, ते एकदा समजून घेऊ या. आपल्याला फोन ‘करणारं’ कुणी नसतंच. एक संगणक असतो. त्यात हजारो नंबरांची यादी भरलेली असते आणि आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो. यंत्र एकाच वेळी शेकडो नंबर लावतं. एका फोनचा खर्च काही पैशांत. हजार घरांत घंटा वाजली आणि एका घरातून कुणी ‘एक’ दाबला, तरी त्यांचं भागतं. उरलेल्या नऊशे नव्याण्णव घरांतली धावपळ त्यांना फुकट मिळते. कधीकधी आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि पलीकडं नुसती शांतता असते. ती लाइन खराब नसते. बोलायला जितकी माणसं बसवली आहेत त्याहून जास्त नंबर यंत्रानं लावलेले असतात, आणि आपल्या वाट्याला माणूसच उरलेला नसतो. आपण उचलला, एवढी नोंद मात्र तिथं होऊ शकते. या नंबरावर दुपारी कुणीतरी असतं, हे कळलं की तो नंबर जास्त मोलाचा होतो. म्हणूनच अनोळखी रेकॉर्ड केलेल्या फोनवर ‘बंद करण्यासाठी दोन दाबा’ असं सांगितलं तरी दाबू नये. दाबलेलं बटण बंद करण्यासाठीच वापरलं जाईल, याची काही खात्री नाही.

आता कुणी म्हणेल, “कॉल सेंटरमध्ये आपल्याच मुली नोकऱ्या करतात, त्यांच्या पोटावर कशाला पाय?” हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मुलीचा फोन आणि यंत्राचा फोन यांत फरक आहे, आणि माझं भांडण त्या फरकावरच आहे. मुलगी फोन करते तेव्हा मी म्हणते, “नको गं बाई, मला नको आहे, परत करू नकोस.” तिला ते ऐकू जातं. तिला वाईट वाटतं, राग येतो, कधी ती ‘सॉरी मॅडम’ म्हणते. काही झालं तरी माझा नकार कुणाच्या तरी कानावर पडलेला असतो. यंत्रापुढं मी नको म्हटलं, ओरडले, हात जोडले, तरी ते आपलं वाक्य पुरं करतं. बोलायचा हक्क त्याचा आणि ऐकायची सक्ती माझ्यावर. बाईचा नकार ऐकून न ऐकल्यासारखं करणारी माणसं आपण आयुष्यभर पाहिली आहेत. इथं तर नकार ऐकायला कानच ठेवलेला नाही.

हा प्रकार आजचा नाही. २००४च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींचा रेकॉर्ड केलेला आवाज लोकांच्या फोनवर आला होता, तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं. प्रधानमंत्री थेट आपल्याशी बोलतायत! ते नवल केव्हाच संपलं. पक्ष कुठलाही असो, निवडणूक आली की पुढाऱ्यांचे आवाज आपल्या स्वयंपाकघरात येऊन हात जोडतात. मतदारानं उलट काही विचारलं तर मात्र उत्तर नाही.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००७ साली ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०११ पासून नवे, जरा कडक नियम लागू झाले. २०१८ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, संपूर्ण नवी नियमावली आणली. जाहिरातीच्या फोनसाठी १४०नं सुरू होणारे नंबर ठरले, आणि बँकांसारख्या संस्थांच्या कामाच्या फोनसाठी १६००नं सुरू होणारे. तरीही २०२४च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्या फोनवाल्यांविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. त्या ऑगस्टमध्ये ट्रायनं कंपन्यांना दट्ट्या दिला, तेव्हा पावणेतीन लाखांच्या वर जोडण्या तोडल्या गेल्या आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये नियम आणखी आवळले.

मग तक्रार कशाची? पायाची. ही इमारत ज्या पायावर उभी आहे, तो पायाच वाकडा आहे. नियम असं धरून चालतो की जोवर मी ‘नको’ असं नोंदवत नाही, तोवर नोंदणीकृत जाहिरातवाल्याला मला फोन करायला मोकळीक आहे. म्हणजे माझं गप्प राहणं हाच माझा होकार! घराच्या दारावर ‘चोरांनी येऊ नये’ अशी पाटी लावली नाही, म्हणून चोराला आत यायची मुभा आहे, असं आपण कधी म्हणू का? गप्प बसली म्हणजे तयार आहे, हा न्याय कुणी लावला आणि तो लावल्यावर काय काय सोसावं लागतं, ते बायकांना कुणी वेगळं शिकवायला नको. मुलीला विचारल्याशिवाय ठरलेली लग्नं आठवा. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पसंत आहे!

ज्यांच्या नावानं या देशात खासगीपणाचा हक्क ओळखला जातो, ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. ऐंशी ओलांडल्यावर या माणसानं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा निकाल मोठ्या माणसांच्या मोठ्या खटल्यांपुरता नाही. आपलं घर, आपला वेळ, आपला नंबर यांवर आपला अधिकार असणं हाही त्याचाच भाग आहे, असं मी मानते. मग तो हक्क मिळवायला आज्जीनं इंग्रजी अक्षरांत एसेमेस का पाठवायचा?

बाहेरच्या जगात काय आहे, तेही बघा. जर्मनीत ग्राहकाची आधी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा फोन करणंच बेकायदा आहे. अमेरिकेत १९९१च्या कायद्यानं, संमतीशिवाय रेकॉर्ड केलेला जाहिरातीचा फोन आला तर ज्याला तो आला तो माणूस स्वतः दावा लावू शकतो, आणि त्याला एकेका फोनमागं ५०० डॉलर मिळू शकतात. तिथंही असे फोन बंद झालेले नाहीत, हे खरंच आहे. पण वेळ कुणाचा गेला आणि भरपाई कुणाला मिळावी, एवढं तरी त्या कायद्याला कळतं. आपल्याकडं तक्रारींचा आकडा चुकीचा दाखवणाऱ्या टेलिफोन कंपनीला दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत दंड आहे. त्यातला एक रुपयाही भाकरी सोडून धावलेल्या बाईच्या हातात पडत नाही.

आणि हा नुसता त्रासाचा प्रश्न राहिलेला नाही. “दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा,” असा रेकॉर्ड केलेला आवाज आला, बटण दाबलं, की पलीकडं ‘अधिकारी’ येतो, मग ‘पोलीस’ येतो, मग व्हिडिओवर ‘डिजिटल अटक’ होते. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रधानमंत्र्यांनीही ‘मन की बात’मध्ये लोकांना याबद्दल सावध केलं होतं. तरी माणसं फसतात, कारण यंत्राच्या आवाजाचं ऐकायची आपल्याला सवय लावली गेली आहे. बँकही यंत्रातून बोलते, सरकारही यंत्रातून बोलतं, मग चोरही यंत्रातूनच बोलतो. घरात एकटी असलेली बाई खरं-खोटं कशावरून ओळखणार? जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या हुबेहूब नकली आवाजात फोन गेले. राष्ट्राध्यक्षाचा आवाज बनवता येतो, तर पुण्यातल्या मुलाचा बनवायला कितीसा वेळ?

इथवर सगळ्या माना डोलल्या असतील. आता जरा आपल्या घराकडं वळते.

आपण व्यापारी समाज. दुर्गदबैलपासून कोप्पीकर रोडपर्यंत किती दुकानं आपल्या माणसांची आहेत, ते मोजायला नको. आणि दिवाळीच्या सेलचे, सोन्याच्या नव्या योजनेचे, प्लॉटच्या बुकिंगचे रेकॉर्ड केलेले फोन कुठून जातात? त्यातले काही आपल्याच दुकानांतून जातात, बायांनो! ‘हजार फोन इतक्या रुपयांत’ असं पॅकेज कुणीतरी विकायला येतं आणि आपली तरुण पोरं ते घेतात. त्यांना सांगा, साध्या दहा आकडी नंबरावरून, नोंदणी न करता जाहिरातीचे फोन केले आणि तक्रारी झाल्या, तर पहिल्या वेळी पंधरा दिवस त्या जोडणीवरून बाहेर फोन लागत नाही. पुन्हा केलं तर सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तुटतात आणि नाव काळ्या यादीत जातं. हा कायद्याचा भाग झाला. आपल्या घरात त्याहून जुना एक नियम आहे. पाच अणुव्रतांतलं तिसरं अचौर्य, आणि अदत्तादान म्हणजे जे कुणी दिलं नाही ते घेणं, हे लहानपणीच आपल्या कानावर पडलेलं आहे. रस्त्यात पडलेला दागिना उचलत नाही, तो समाज दुसऱ्याच्या दुपारची पाच मिनिटं न विचारता उचलतो, त्याचं काय? नंबर दिला होता बिलासाठी, वापरला जाहिरातीसाठी. जे ज्या कामाला दिलं नव्हतं, त्या कामाला घेतलं. याला दुसरं नाव मला तरी माहीत नाही.

कार्यक्रमांच्या निमंत्रणांचंही तेच. एका धार्मिक कार्यक्रमाचा रेकॉर्ड केलेला फोन मला एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी सामायिकाला बसले होते. धर्माच्या कामासाठी फोन होता म्हणून तो गोड मानून घ्यावा का? मी नाही मानला. कुंकू-अक्षता घेऊन दारात माणूस यायचं, बसायचं, पाणी घ्यायचं, तब्येत विचारायचं. त्याला आपण आमंत्रण म्हणत होतो. माणसं कमी पडत असतील तर पत्रिका पाठवा. यंत्रानं केलेलं बोलावणं म्हणजे नुसती दवंडी आहे.

आणि समाजाची ती जाडजूड डिरेक्टरी! कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्ता, घरातल्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, मोबाईल नंबर. लग्नाच्या मुलींचे बायोडेटा फोटो-नंबरासकट या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत असतात. छापताना त्या मुलीला कुणी विचारलं का? छापलेलं परत घेता येत नाही आणि पुढं पाठवलेलं पुसता येत नाही. मुलीचा नंबर बायोडेटावर घालायचाच नाही, घरातल्या मोठ्यांचा घालायचा, आणि डिरेक्टरीत ज्यानं लिहून परवानगी दिली त्याचाच नंबर छापायचा, एवढा ठराव प्रत्येक महिला मंडळानं पुढच्या बैठकीत करावा. पैसा लागत नाही, फक्त सेक्रेटरींचा वाईटपणा घ्यावा लागतो.

दुकानात साडी घेताना काउंटरवरचा मुलगा ‘नंबर सांगा’ म्हणतो आणि आपण सवयीनं सांगतो. मे २०२३मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी मोबाईल नंबराची सक्ती करू नका. तेव्हा “नंबर देणार नाही, बिल द्या,” असं खुशाल म्हणा. मागं रांग थांबली तरी चालेल. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या खोक्यात चिठ्ठी टाकायची नाही. कुकर कुणाला लागला, ते कळत नाही. नंबर मात्र आपल्या सगळ्यांचे लागतात.

आता फोन आल्यावर काय करायचं, ते. १९०९ या नंबरावर फोन करा, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग शून्य, असा एसेमेस पाठवा. जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद होते. बँकेचे व्यवहाराचे संदेश, ओटीपी त्यामुळं बंद होत नाहीत, ती भीती मनातून काढा. तरी फोन आला तर सात दिवसांच्या आत त्याच १९०९वर तक्रार करा. आलेला नंबर, तारीख आणि काय सांगत होते ते थोडक्यात, एवढं पुरतं. आधी ‘नको’ अशी नोंद केलेली नसली तरी नोंदणी नसलेल्या फोनवाल्याविरुद्ध तक्रार करता येते. फसवणुकीचा संशय आला तर ‘संचार साथी’वर ‘चक्षु’ नावाची सोय आहे. पैसे गेले असतील तर रडत न बसता, नवरा रागावेल म्हणून न लपवता, ताबडतोब १९३०ला फोन करा. तिथं तासातासाला महत्त्व असतं.

या नव्या नियमांत आपल्या कामाचं एक कलम आहे. पूर्वी एखाद्या नंबराविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई सुरू व्हायची. आता दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या माणसांच्या तक्रारी पुरतात. एकटीची तक्रार बहुधा तशीच पडून राहते, म्हणून आपण म्हणतो ‘काही उपयोग नाही’. पण पाच! आपल्या एका भिशीत बारा जणी असतात. रोज सकाळी शुभेच्छांची फुलं पाठवणाऱ्या आपल्या ग्रुपवर एकीनं लिहावं, “आज या नंबरावरून फोन आला, कुणाकुणाला आला?” ज्यांना ज्यांना खरोखर आला त्यांनी त्याच दिवशी १९०९ला कळवावं. ज्या यादीत माझा नंबर आहे तिच्यात शेजारणीचा असायचाच.

मात्र एवढ्यावर समाधान मानू नका. तक्रार करत राहणं हेही आपल्याच वेळेतून जाणारं काम आहे, आणि ते आपल्यावर टाकलं गेलंय. मागणी मुळाची हवी. आधी विचारा, मी ‘हो’ म्हटलं तरच फोन करा. रेकॉर्ड केलेल्या जाहिरातीला तर लेखी होकाराशिवाय बंदीच हवी. नोंद आणि तक्रार कन्नडमध्ये, मराठीत, ज्या भाषेत आज्जी बोलते त्या भाषेत करता आली पाहिजे. आणि दंड झाला तर त्यातला वाटा, जिची दुपार मोडली तिला मिळाला पाहिजे. खासदार-आमदार मतं मागायला दारात येतात तेव्हा आपण त्यांना रस्त्याचं आणि पाण्याचं विचारतो. यावेळी हेही विचारा. आणि ते म्हणाले, “अहो ताई, फोन कट करायला दोन सेकंद लागतात,” तर त्यांचा स्वतःचा नंबर मागून घ्या आणि रोज दुपारी दोन वाजता तो आपण लावला तर चालेल का, तेही विचारा.